सुपाची साक्ष

नवी सॅक पाठीवर चढवून ड्रॉइंगमास्तर आरशासमोर उभे राहिले, त्यांनी दोन्ही पट्टे आवळले आणि ते मागच्या मागे सोफ्यावर उताणे पडले. उठता येईना. झुरळासारखे हातपाय हलवत त्यांनी बायकोला हाक मारली, आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली. त्यामुळे मास्तरांच्या परदेशवारीचा शुभारंभ अख्ख्या जिन्याने पाहिला.

सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "मास्तर, या वयात पाठीवर काय घेताय? चाकांची बॅग घ्या. चाकाचा शोध लागून बराच काळ झाला." वरचे गृहस्थ टूर कंपनीबरोबर पुष्कळ देश बघून आले होते, म्हणजे पुष्कळ देशांतली हॉटेलं बघून आले होते. ते म्हणाले, "एकट्याने जाऊच नका. गाईड लागतो. गाईड नसला तर आपण नक्की काय बघतोय ते कळतच नाही." समोरच्या काकू ऐकायला जरा कमी. त्यांनी विचारलं, "कशाला चाललेत म्हणे?"

"सूप प्यायला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सूप? आमच्याकडे पडलंय की एक. हल्ली पाखडतंय कोण!"

मास्तरीणबाईंनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. पण सोसायटीत मास्तरांची बायको ती मास्तरीणबाई, त्याला इलाज नव्हता. हे सूप त्यांच्या संसारात पहिल्या दिवसापासून होतं. मास्तर तरुण असताना लंबू नावाच्या मित्राबरोबर पाठीला पिशव्या लावून परदेशात भटकून आले होते. लंबू हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे, पण दाराच्या चौकटीत ज्याला दरवेळी मान वाकवावी लागते त्याला दुसरं काय म्हणणार? त्या भटकंतीत एका गावी मास्तरांना सणसणून ताप भरला. एका गल्लीतल्या खानावळवाल्या बाईने त्यांना आपल्या मागच्या खोलीत झोपवलं, बरे होईपर्यंत घेवड्याचं गरम सूप पाजलं, आणि न कळणाऱ्या भाषेत भरपूर रागावून घेतलं. मास्तर तिला मावशी म्हणायचे. तिला तो शब्द कळायचा नाही, पण ती ओ द्यायची.

एवढीच गोष्ट. पण मास्तरांनी ती मुंज-बारशापासून साठीशांतीपर्यंत, जिथे जिथे चार माणसं ताटावर बसलेली सापडली तिथे तिथे सांगितली होती. मास्तरीणबाईंनी नव्या संसारात हौसेने तसलं सूप करूनही पाहिलं होतं. मास्तर प्रत्येक वेळी वाटी संपवायचे आणि म्हणायचे, "छान झालंय. पण ते नाही." तीसएक वर्षं हे ऐकल्यावर बाईंनी एक दिवस डाव खाली ठेवला आणि सांगितलं, "चला, तिकडेच जाऊ. मला बघायचंच आहे त्यात काय होतं ते." लंबूला बरोबर न्यायची सोय आता उरली नव्हती. तो दोन वर्षांपूर्वी गेला होता.

तर मास्तर सॅक घेऊन आणि मास्तरीणबाई चाकांची बॅग घेऊन त्या गावात उतरले. स्टेशनबाहेर आल्या आल्या मास्तर म्हणाले, "इथून डावीकडे, मग चौक, चौकात घड्याळाचा मनोरा. मला डोळे मिटून जाता येईल." ते डोळे उघडे ठेवून चालले तरी तासाभराने पुन्हा स्टेशनवरच आले. चौक नव्हता असं नाही, पण तो आता काचेच्या इमारतींनी भरला होता. मास्तरांच्या आठवणीत जिथे फळवाल्याची गाडी होती तिथे चकाचक दुकान होतं आणि त्यात एकच चपलेचा जोड मांडून ठेवला होता. मास्तर त्या चपलांकडे असे बघत उभे राहिले, की जणू त्यांच्या वडिलोपार्जित जागेवर कोणी अतिक्रमण केलं होतं.

"अहो, मनोरा दिसतोय ना? मग मनोऱ्याच्या मागे चला," बाई म्हणाल्या आणि बॅग खडखडवत पुढे निघाल्या.

मनोऱ्याच्या पाठीमागे खरोखरच ती गल्ली होती. अरुंद, दगडी, दोन्हीकडे जुनी घरं, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. "हीच," ते म्हणाले. "वासही तोच." वास गटाराचा होता. गल्लीत खानावळ एकच होती. आत लाकडी बाकं, भिंतीवर तव्यांची रांग, आणि फळ्यावर खडूने लिहिलेल्या पदार्थांत घेवड्याचं सूप. ते समोर आलं. मास्तरांनी डोळे मिटून पहिला चमचा तोंडात घेतला आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तेच?" बाईंनी विचारलं.

"तेच," मास्तर म्हणाले. सूप कढत होतं, हेही खरं.

खानावळवाली पन्नाशीची, दणकट बाई. रडणारं गिऱ्हाईक पाहून ती घाबरली आणि शेजारच्या न्हाव्याला घेऊन आली. हा न्हावी उमेदीत बोटीवर नोकरीला होता आणि त्याला इंग्रजी येत होतं, म्हणजे मास्तरांना येत होतं तितपत. मास्तरांनी त्याला सगळी गोष्ट सांगितली: ताप, मागची खोली, मावशी, सूप. न्हाव्याने ती भाषांतर करून सांगता सांगता मध्येच थांबून विचारलं, "किती वर्षांपूर्वी?"

"तीसहून जास्त."

न्हाव्याने मास्तरांना मिठी मारली. मग खानावळवालीने मारली. मग बाहेरून लोक येऊन मिठ्या मारू लागले. "तुमच्या गोष्टीचा एवढा परिणाम मी आजवर पाहिला नव्हता," मास्तरीणबाई पुटपुटल्या.

उलगडा न्हाव्याने केला. नगरपालिकेला ही गल्ली पाडून मोटारी लावायला जागा करायची होती. गल्लीचे त्यावरून दोन पक्ष झाले होते. मनोऱ्याकडची बाजू, म्हणजे न्हावी, खानावळवाली आणि त्यांचे शेजारी, म्हणत होती पाडू नका. समोरच्या बाजूचं म्हणणं, पाडा आणि आम्हाला लिफ्ट असलेली नवी घरं द्या. त्या पक्षाचा पुढारी होता बरोबर समोरचा, मोबाइलची कव्हरं विकणारा. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, फक्त खिडक्यांतून फलक दाखवत होती. आता नियम असा होता की तीस वर्षांपूर्वी ज्या वास्तूत लोक पैसे देऊन जेवत होते ती जुनी जागा म्हणून पाडता येत नाही. खानावळवालीच्या आईने इथे चूल पेटवली तेव्हा ही लहान होती. नक्की साल कोणालाच सांगता येईना, आई हयात नाही, आणि गल्लीतला साक्षीदार कचेरीला चालत नाही, कारण तो या ना त्या पक्षाचा.

"तुम्ही मात्र परके," न्हावी भारावून म्हणाला. "तुम्हाला पक्ष नाही!"

मावशी गेल्याचं मास्तरांना या गडबडीत कळलं. ते उठून उभे राहिले. त्यांनी मान खाली घातली, आणि काय चाललंय ते न कळूनही सगळी खानावळ शांत उभी राहिली. "तुझी आई फार मोठी बाई होती," मास्तर म्हणाले. खानावळवालीने डोळे पुसले. खानावळीत पुन्हा चमच्यांचे आवाज सुरू झाले तेव्हा मास्तर साक्षीला तयार झालेले होते.

पुढचे दिवस मास्तरांच्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे गेले. शाळेत ड्रॉइंगच्या तासाला गणिताचे मास्तर येऊन जादा उदाहरणं सोडवून घ्यायचे. स्नेहसंमेलनात पडदे रंगवायला बोलावायचे आणि खुर्ची द्यायला विसरायचे. इथे गल्लीत शिरलं की लोक खुर्ची घेऊन धावत. पाववाला गरम पाव हातात कोंबे. राजकारण ही काय चीज आहे हे मास्तरांना पहिल्यांदाच चवीने कळलं. इथे जेवण आणि राजकारण वेगळं वाढतच नसत. पहिल्या घासाबरोबर नगरपालिका, दुसऱ्याबरोबर मागची नगरपालिका. मास्तरांना भाषा कळत नव्हती, पण माना कुठे डोलवायच्या हे शिक्षकांच्या सभांमुळे पक्कं ठाऊक होतं. समोरचा कव्हरवाला मात्र दारात उभा राहून त्यांच्याकडे असा बघे, की मास्तर जाताना सॅक छातीशी धरून जात.

साक्षीच्या दिवशी सकाळी न्हाव्याने त्यांना आग्रहाने खुर्चीत बसवलं. "साक्षीदार कसा, रुबाबदार दिसला पाहिजे." गरम टॉवेल तोंडावर आला, मास्तरांना डुलकी लागली, आणि टॉवेल निघाला तेव्हा मिशी नव्हती. न्हाव्याने अभिमानाने आरसा धरला. कॉलेजात असताना फुटलेली, पुढे कलपाने काळी राखलेली, कधीही न हललेली मिशी! मास्तरांनी वरच्या ओठावर बोट ठेवलं. मास्तरीणबाई आत आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि "अहो, आमचे हे कुठे गेले?" असं त्यांनाच विचारलं. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना न्हाव्याच्या खुर्चीत बसवावं लागलं.

नगरपालिकेची कचेरी जगात कुठेही असावी तशीच होती. आधी एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, तिसरी जेवायला गेली होती. शेवटी एका साहेबीणबाईंसमोर सगळे उभे राहिले. त्यांनी पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, मास्तरांना पाहिलं आणि पासपोर्ट मिटला.

"हे गृहस्थ वेगळे," त्या म्हणाल्या. न्हाव्याने भाषांतर केलं.

"मीच तो!" मास्तर म्हणाले.

"फोटोतल्या गृहस्थांना मिशी आहे."

"होती ती! यानेच काढली!" मास्तरांनी न्हाव्याकडे बोट दाखवलं. न्हाव्याने हेही प्रामाणिकपणे भाषांतर केलं. साहेबीणबाई म्हणाल्या की मिशी वाढवून या. मास्तरांचा आवाज चढला. आपण कोण, कुठले, किती पिढ्यांना कमळ काढायला शिकवलं, हे ते मराठीतून सांगू लागले. अपमान झाला की माणूस मातृभाषेतच सापडतो. न्हाव्याने हात टेकले.

मास्तरीणबाईंनी पर्समधून भुवया रंगवायची पेन्सिल काढून शांतपणे नवऱ्याच्या हातात दिली. "काढा," त्या म्हणाल्या. "येतं ना काढता?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग कपाटाच्या काचेत बघत त्यांनी आपल्या ओठावर आपली मिशी काढली. उजवीकडची जरा झुकती, डावीकडची भरदार, मध्ये ती फट. वळून उभे राहिले. कचेरीतले कारकून टेबलं सोडून बघायला आले. साहेबीणबाईंनी पासपोर्ट पुन्हा उघडला, बराच वेळ आळीपाळीने फोटोकडे आणि मास्तरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

"चित्रकार आहात?" त्यांनी विचारलं. "मग तोंडी साक्ष कशाला? ती खानावळ तेव्हा जशी होती तशी काढून द्या."

कोरा कागद आला. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कचेरीने मास्तरांकडे चित्र मागितलं होतं. ते बसले आणि काढू लागले. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून, पलंगावर पडल्या पडल्या दिसायचं तेच सगळं. बाकं, चुलीवरचं पातेलं, पाठमोरी मावशी, तिच्या खांद्यावरचं फडकं. दाराशी मान वाकवून उभा लंबू. आणि पलीकडे रस्त्यावरची खिडकी. त्या खिडकीतून समोरच्या घरांच्या छपरावर आलेला घड्याळाचा मनोरा. कारण तापात वेळ सरता सरत नसे आणि मास्तर त्या काट्यांकडे बघत राहायचे. चित्र पुरं झालं. खानावळवालीने नाक ओढलं.

साहेबीणबाईंनी चित्र हातात घेतलं. मग भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. मग पुन्हा चित्र. "मनोरा तर खानावळीच्या पाठीमागे आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "तिच्या रस्त्याकडच्या खिडकीतून तो दिसणार कसा?"

न्हाव्याने भाषांतर केलं आणि वाक्य संपता संपता त्याचाही चेहरा पडला. या खानावळीच्या खिडकीतून समोरचा कव्हरवाला दिसत होता. मनोरा दिसायचा तर बसायला हवं होतं समोरच्या बाजूला.

म्हणजे ज्या पायरीवर मास्तर गेले आठ दिवस हात ठेवून नमस्कार करत होते ती पायरी वेगळी. ते सूप वेगळं. ज्या बाईसाठी ते उभे राहिले ती बाईही वेगळी. मास्तरांचा चेहरा उतरला. न्हावी त्यांच्या कानाशी लागला, "मनोरा खोडा. कोणाला कळतंय? झाड काढा तिथे."

खानावळवाली मास्तरांकडे बघत होती. मास्तर तिच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"काय करू गं?"

"तुम्हाला काय दिसायचं?" बाईंनी विचारलं.

"मनोरा."

"मग मनोराच असू दे."

"मी पाहिलं तेच काढलंय," मास्तर साहेबीणबाईंना म्हणाले. "चूक माझी. मी चुकीच्या दारात शिरलो." आणि खानावळवालीकडे वळून त्यांनी मराठीतच हात जोडले. ती पुढे झाली, त्यांच्या घामाने ओघळलेली मिशी आपल्या ॲप्रनच्या टोकाने पुसली, आणि बाहेर निघून गेली.

साहेबीणबाईंनी शेरा मारला. नवा पुरावा पाहता गल्लीच्या दोन्ही बाजूंची फेरतपासणी करावी. तोपर्यंत कशालाही हात लावू नये. न्हावी मान खाली घालून जिना उतरत होता. मास्तरीणबाईंनी त्याला थांबवून विचारलं, "यांनी काय लिहिलं? फेरतपासणी? मग रडता काय? अहो, मी सरकारी खात्यात जन्म काढलाय. आमच्याकडे फेरतपासणीला गेलेली फाइल लावणारा रिटायर होतो, काढणारा रिटायर होतो, फाइल जागेवर असते." न्हाव्याने ते खानावळवालीला सांगितलं. मग खानावळवाली भर रस्त्यात इतक्या जोरात हसली की कबुतरं उडाली.

पण समोरच्या पक्षात आग लागली होती. ज्याला घर पाडून हवं होतं त्याच्याच घराला या मिशी नसलेल्या परक्याने जुनी जागा ठरवून टाकलं होतं! गल्लीत पाऊल टाकताच कव्हरवाल्याने मास्तरांचं मनगट धरलं. न्हावी मध्ये पडला, मास्तरीणबाई चाकांची बॅग आडवी घालून उभ्या राहिल्या. कव्हरवाला ओरडत होता आणि न्हावी झटापटीतच भाषांतर करत होता, "माझी आई आत बसलीय! तिने इथे खानावळ चालवली म्हणतोस? तुला पोसलं म्हणतोस? चल, तिलाच विचारू! तिने ओळखलं नाही तर कचेरीत येऊन सांगायचं, खोटं बोललो म्हणून!"

आई? मास्तरांचे पाय आपोआप चालू लागले. कव्हरांच्या रंगीत भिंतीमागे एक दार होतं, दारामागे तीच मागची खोली. खुर्चीत एक म्हातारी बसली होती. वाळून एवढीशी झालेली, मांडीवर घोंगडी. उघड्या दारातून दुकान आणि रस्ता ओलांडून तिची नजर समोरच्या छपरावरच्या घड्याळावर लागली होती.

"मावशी," मास्तर म्हणाले.

तिने ओ दिली नाही. मुलगा वाकून मोठ्याने सांगू लागला, न्हावी मधूनमधून भर घालू लागला: पुष्कळ वर्षांपूर्वी, परका मुलगा, ताप, सूप. म्हातारीने मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. नाही. असे कितीतरी आले. सगळ्यांनाच ताप यायचा.

कव्हरवाल्याने विजयाने हात पसरले. मास्तर जागच्या जागी उभे होते. ज्या बाईची गोष्ट मास्तरांनी अर्धा जन्म चारचौघांत सांगितली, तिच्या लेखी ते कितीतरींपैकी एक होते. रागावताही येईना. कोणावर रागावणार?

म्हातारी अचानक काहीतरी बोलली. न्हाव्याने कान दिला. "ती विचारतेय, त्या उंच पोराबरोबरचा का तू? जो दारात डोकं आपटायचा?"

"लंबू," मास्तर म्हणाले.

"लं-बू," म्हातारी म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. ती भराभर बोलू लागली, न्हाव्याची तारांबळ उडाली. तो उंच पोरगा रोज तिची भांडी घासायचा. पाणी भरायचा. मित्राला बरं कर म्हणून तिच्यामागे भुणभुण करायचा. बाजारात जाऊन घेवडा तोच निवडून आणायचा, आणि सूप उकळेपर्यंत पातेल्यापासून हलायचा नाही. तिला रात्री उठवायलाही कमी करायचा नाही. दुसरा एक पलंगावर पडलेला असायचा खरा. काही खायचा नाही, नुसता घड्याळाकडे बघायचा.

मास्तर हळूच पलंगाच्या कडेवर बसले. एवढ्या वर्षांत लंबूने हे कधी सांगितलं नव्हतं. मास्तर गोष्ट सांगायचे तेव्हा तो समोरच बसलेला असायचा, हसायचा, आणि आणखी एक वाटी वाढून घ्यायचा. गोष्टीत त्याला वाक्य एकच होतं: लंबूही बरोबर होता.

"तो कुठे आहे, विचारतेय," न्हावी म्हणाला.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग इंग्रजीत, जेवढं जमलं तेवढं, म्हणाले, "तो गेला."

न्हाव्याचं इंग्रजी बोटीवरचं. त्याच्या लेखी गेलेला माणूस म्हणजे पुढच्या बंदराला लागलेला माणूस. त्याने मान डोलावली आणि म्हातारीला तसंच सांगितलं. ती समाधानाने हसली. मग मास्तरांकडे बोट रोखून, रागावल्यासारख्या आवाजात, लांबलचक काहीतरी बोलली. तो आवाज मास्तरांना भाषेशिवायही ओळखू आला.

"ती म्हणतेय," न्हाव्याने सांगितलं, "परत आला की आधी इकडे पाठव. त्याला म्हणावं, पोरा, मित्राच्या नादात तू स्वतः कधी नीट जेवलाच नाहीस."

कव्हरवाल्याने पसरलेले हात खाली घेतले. मास्तरीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगतो म्हणावं," मास्तर न्हाव्याला म्हणाले. "नक्की सांगतो."